चौथ्या सालची गाडी

१

डॉक्टरांची गाडी ज्या वळणावरून खाली गेली, तिथे मी पोहोचले तेव्हा धुकं होतं आणि माझे गुडघे केव्हाचे कुरकुरत होते. विमा कंपनी मला नेहमी अशाच ठिकाणी पाठवते. रडारड आटोपते, माणसं पांगतात, आणि मग मी जाते, पट्टी आणि कॅमेरा घेऊन, नको ते प्रश्न विचारायला. इतकी वर्षं हेच केल्यावर तोंड फटकळ होणार नाही तर काय होणार.

रस्ता वरच्या सपाटीवरून सरळ खाली येतो आणि कड्यापाशी एकदम डावीकडे वळतो. वळणावर दगडी कठडा होता. आता तिथे खिंडार होतं आणि त्याच्या आडवी एक दोरी बांधलेली. खिंडारापर्यंत टायरच्या दोन काळ्या खुणा आल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

गाडी हाताबाहेर गेली की माणूस स्टिअरिंगशी झटतो. जमेल तिकडे फिरवतो, उलटं फिरवतो, आणि ते सगळं रस्त्यावर उमटतं. इथे तसं काहीच नव्हतं. खुणा पट्टीने ओढाव्यात तशा सरळ होत्या. डॉक्टरांनी ब्रेकवर अंगाचा सगळा भार दिला होता आणि गाडी तसूभरही वळली नव्हती.

बरोबर आलेल्या इन्स्पेक्टरला मात्र घरी जायची घाई होती. त्याच्या मते सगळं स्वच्छ होतं. गाडी खालच्या टप्प्यावर अडकली होती, ती वर ओढताना तिचं स्टिअरिंग जाम होतं. आदल्या दिवशी त्याच स्टिअरिंगचं काम झालं होतं. काम करणारी डॉक्टरांची मुलगी. तिचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि चूक माझीच असं ती पहिल्या दिवसापासून सांगतेय.

"उद्या सकाळी जबाबावर सही करते म्हणाली," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुमचं काम सोपं आहे मॅडम."

काम सोपं आहे असं कोणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. मी विचारलं, एवढ्या वेगात गाडी आली, तर इंजिनाचा आवाज कोणी ऐकला?

"आवाज कुठला? इंजिन बंद होतं," तो म्हणाला. "या उतारावर ते सगळे इंजिन बंद करूनच उतरतात. चावी बाहेर काढून."

२

चावी बाहेर काढून! मी सरळ क्लबात गेले. उताराच्या पायथ्याशी फाटक आणि फाटकाच्या आत दगडी बंगला. व्हरांड्यात सगळ्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे फोटो, माणसांचा एकही नाही. अध्यक्षांना सगळे कॅप्टन म्हणतात. सैन्यात ते कधी नव्हते. कॉलेजच्या टीमचे कप्तान होते, तेवढ्यावर जन्म निघाला. कडक इस्त्रीचा शर्ट, पिकलेली मिशी, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ बसावा. पण त्या दिवशी त्यांच्या हातातला कप बशीवर सारखा वाजत होता. डॉक्टर त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त, दातांचे डॉक्टर. कॅप्टनच्या तोंडातला निम्मा ऐवज त्यांनीच बसवलेला.

त्यांनी मला तो प्रकार समजावला. मुका उतार, असं त्याचं नाव. वर्षातून एकदा क्लबातल्या गाड्या वर जमतात. एकेकाने इंजिन बंद करायचं, चावी काढून खिडकीबाहेर उंच धरायची, म्हणजे कोणी लबाडी करत नाही हे सगळ्यांना दिसतं. मग कॅप्टन निशाण खाली करतात आणि गाडी नुसत्या उताराच्या जोरावर निघते. वळणापर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही. लावला तर बाद. जो सगळ्यांत लांब जाईल तो जिंकला. बक्षीस काय, तर एक पितळी घंटा आणि वर्षभराचा तोरा. म्हाताऱ्या माणसांचे पोरखेळ, मी मनात म्हटलं. पण त्या गाड्या आवाज न करता एकामागून एक खाली येताना कशा दिसत असतील, ते डोळ्यासमोरून हलेना.

"तुम्ही स्वतः उतरत नाही?" मी विचारलं.

"पूर्वी उतरायचो. आता कंबर साथ देत नाही. निशाण धरतो."

मग मी विचारलं, की डॉक्टरांची गाडी एवढी नावाजलेली का. तिथेच एक वकील पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, आणि दोघांनी मिळून माझी शिकवणी घेतली. लग्नाच्या मुलीबद्दल बोलावं तसे दोघं त्या गाडीबद्दल बोलत होते.

ही गाडी कारखान्यातून नऊ वर्षं निघत होती. पण मान चौथ्या सालचा. पहिल्या दोन सालांत इंजिन तापायचं, तिसऱ्यात गिअर अडकायचे. चौथ्यात सगळी खोड गेली आणि रूप तेच राहिलं: बोटभर जाडीचा चकचकीत बंपर, दिव्यांवर काच, लाकडाचं बारीक स्टिअरिंग, आणि इंजिनाचा असा आवाज की माणूस बोलता बोलता थांबावा. पाचव्या सालापासून सुरक्षेचे नियम आले. बंपर फुगला, दिवे वर आले, काच गेली, इंजिनाचा गळा दाबला. तशी पाचव्या सालची गाडी जास्त धड, वकीलच म्हणाले, पण तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. चौथ्या सालवाला पाचव्या सालवाल्याशी हसून बोलतो, शेजारी गाडी मात्र लावत नाही.

"आणि गाडी कुठल्या सालची ते ठरवतं कोण?" मी विचारलं. "कागद तर काय, कोणीही रंगवतो."

"कॅप्टन," वकील म्हणाले. त्यांच्या बोलण्यात किंचित आंबटपणा होता. "यांनी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि साल सांगायचं. आजवर शब्द खाली पडला नाही. डॉक्टरांची गाडी तर यांचीच. गेल्या वर्षी यांनीच दिली त्यांना. मी मागत होतो, मला नाही दिली."

असं म्हणून वकील उठले, खिशातून गाडीची चावी काढून बोटावर फिरवत पायऱ्या उतरले. बाहेर त्यांची लाल गाडी उभी होती, चौथ्या सालची. कॅप्टन तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"पाना बिचारी," ते म्हणाले. "तिला फार छळू नका, ताई. झालं ते झालं. तिने मान्य केलंय ना?"

३

पाना म्हणजे डॉक्टरांची मुलगी. लहानपणी बाहुलीऐवजी पाना घेऊन झोपायची, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. आता ती पस्तिशीची, रुंद खांद्यांची, आणि घराच्या पायरीवर अशी बसली होती की जणू कोणीतरी तिला तिथे ठेवून विसरून गेलंय. तिचे हात स्वच्छ होते. गॅरेजवाल्या बाईचे हात इतके स्वच्छ असतात ते हत्यार टाकून दिल्यावरच. शेजारच्या गॅरेजचं शटर खाली होतं.

तिने मला सगळं न विचारता सांगितलं. बाबा म्हणाले होते, पुढचं चाक थरथरतंय. तिने खालून बघितलं, चाकापाशी स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा सैल झाला होता. नवा सांधा घातला, आवळला, गाडी फिरवून बघितली. ठीक होती.

"काहीतरी राहिलं माझ्याकडून," ती म्हणाली. "रोज डोळे मिटले की मी तो बोल्ट आवळते आणि रोज तो वेगळाच निघतो. बाबांनी उतारावर स्टिअरिंग फिरवलं असेल आणि ते फिरलं नसेल. त्या वेळी त्यांना माझंच नाव आठवलं असेल ना, मावशी?"

मी कोणाला उगाच धीर देत नाही. पण तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तुरुंगाची भीती नव्हती, हे मला कळत होतं. तिला तो हवाच होता. उद्या सही केली की ही मुलगी जन्मभर त्या पायरीवरून उठणार नाही.

आत डॉक्टरांची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, डॉक्टरांच्याच. त्यांनी मला पाणी दिलं आणि स्वतःच बोलायला लागल्या. त्यांना अपघात दिसला नव्हता. दरवर्षी बायकामुलांच्या खुर्च्या वळणावर, कठड्याला लागून मांडतात, तिथून गाड्या वळताना छान दिसतात. यंदा खुर्च्या खाली फाटकापाशी होत्या. वळणावर ऊन लागतं म्हणून कॅप्टनभावोजींनी आदल्या संध्याकाळी हलवायला सांगितल्या.

"देवाचीच कृपा म्हणायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्ही सगळ्याच तिथे होतो."

आदल्या संध्याकाळी कॅप्टन घरीही आले होते. डॉक्टरांना म्हणाले, यंदा उतरू नकोस, तुझी छाती बरी नाही, पहिलंच वर्ष आहे, माझ्याबरोबर निशाणापाशी थांब. डॉक्टर चिडले. माझी छाती तुझ्या दातांपेक्षा भक्कम आहे म्हणाले. दोघं भांडले, मग हसले, चहा प्याले. कॅप्टन जाताना दारात बराच वेळ घुटमळले, काहीतरी सांगायचं असल्यासारखे, आणि मग न सांगताच गेले.

मी गाडीची चावी मागितली. माझी सवय आहे; गाडी बघायची तर तिच्या चावीसकट. त्यांनी कपाटातून एक रुमाल काढला, गाठ सोडली.

"त्यांच्या मुठीतच होती. सोडवताना..." त्या थांबल्या. "ही चावी कधी गाडीतून निघाली नाही हो. घरीसुद्धा गाडीलाच असायची. जुनं कुलूप झिजतं, चावी काढायची नाही, असं यांना बजावलं होतं. यांनी लेकीलाही हात लावू दिला नाही. वर्षभरात पहिल्यांदा निघाली ती त्या उतारावर."

चावी माझ्या तळहातावर होती. बाहेरच्या रस्त्यावरून वकिलांची लाल गाडी गेली, आणि मला त्यांच्या बोटावर फिरणारी चावी आठवली.

४

पोलिसांच्या आवारात गाडी एका ताडपत्रीखाली होती. एका हवालदाराने ताडपत्री ओढली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. मागची बाजू चेचली होती, काचा फुटल्या होत्या, पण पुढचं तोंड जवळपास शाबूत होतं. बोटभर जाडीचा बंपर अजून चमकत होता. असल्या गाड्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं, पण तिच्याकडे बघून मलाही वाईट वाटलं.

मी दार ओढून आत बसले. गुडघे ओरडले. स्टिअरिंग धरलं आणि फिरवायला गेले. ते हललं नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

आता माझी स्वतःची गाडी काय, भाजी आणायची गाडी. पण ती उभी करताना चाक जरा वाकडं राहिलं, की दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग असंच अडकून बसतं. मग मी काय करते? जे सगळेच करतात तेच. कोणी मेकॅनिकला बोलावत नाही.

मी रुमालातली चावी काढली, स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या भोकात घातली, आणि स्टिअरिंग किंचित हलवत फिरवली.

खट्.

लाकडाचं ते बारीक स्टिअरिंग माझ्या हातात अलगद फिरलं. मान बाहेर काढून बघितलं, पुढची चाकंही फिरत होती. पानाने बसवलेला सांधा न कुरकुरता काम करत होता. मी चावी काढली, स्टिअरिंग जरा हलवलं. खट्. पुन्हा दगड.

अपघातापासून इन्स्पेक्टर, क्लबाचे जाणकार, कारखान्याचा कोण तो तज्ज्ञ, सगळे या गाडीत बसून गेले होते. एकालाही चावी घालून बघावंसं वाटलं नव्हतं. का वाटावं? सगळ्यांना ठाऊक होतं ना, की चौथ्या सालच्या गाडीत असलं काही नसतंच.

मी तिथूनच वकिलांना फोन लावला आणि एकच विचारलं, तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगला कुलूप आहे का?

"छे," ते म्हणाले. "ते पाचव्या सालापासून. चोरीच्या भीतीने कायदाच झाला तसा. म्हणून तर मुक्या उतारावर पाचव्या सालच्या गाड्यांना आम्ही..."

आणि ते बोलता बोलता थांबले.

५

वकील घरीच होते. मला बघून त्यांनी दार लावून घेतलं. चेहरा पांढराफटक पडला होता. आधी मला त्यांचाच संशय होता, हे सांगून टाकते. गाडी मिळाली नाही म्हणून मनात अढी होतीच त्यांच्या. पण ज्याला ती गाडी पाचव्या सालची आहे हे ठाऊक असतं, तो ती विकत मागत फिरेल कशाला? तो माणूस शेवटपर्यंत तिच्यावर जीव टाकून होता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं.

त्यांनीच मला समजावलं की ते कसं केलं असेल. पाचव्या सालच्या गाडीला चौथ्याचा बंपर, चौथ्याचे दिवे, चौथ्याचं लाकडी स्टिअरिंग, नंबराची पट्टी. कुशल हात असला तर ओळखू येत नाही. चावीची जागा दोन्ही सालांत तीच. फरक आत, स्टिअरिंगच्या नळीत, बोटाएवढी एक खीळ. चावी काढली की ती खाली पडते. चावी काढलीच नाही, तर ती आहे हे जन्मात कळत नाही.

"तुमच्याकडे चावी गाडीलाच ठेवायची पद्धत आहे?" मी विचारलं. "कुलूप झिजतं म्हणून?"

"कोणी सांगितलं? मी तर रोज खिशात घालतो. सगळेच घालतात."

झालं. मला हवं होतं ते मिळालं. क्लबात असा नियम नव्हता. तो नियम एकाच माणसासाठी तयार केला होता, आणि ज्याने केला त्याला ठाऊक होतं की चावी काढली तर काय होतं. डॉक्टरांना तो कोणी सांगितला असेल, याला फार डोकं लागत नाही. ज्याने गाडी दिली त्याने.

पण माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. लबाडी करून गाडी खपवणारे मी खंडीने बघितलेत. त्यातला कोणी मित्राला मरायला सोडत नाही. कदाचित कॅप्टनना उताराचं सुचलंच नसेल. कदाचित ते खरंच विसरले असतील, की त्या दिवशी चावी बाहेर निघते. तसंच असावं असं मला वाटत होतं, खरं सांगते. त्यांच्या हातात वाजणारा तो कप मला आठवत होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वळणावर गेले. ज्या वेळी गाड्या उतरतात त्याच वेळी. धुकं नव्हतं, आभाळ मोकळं होतं. कड्याची सावली वळणावर पूर्ण पडली होती, इतकी की मला शाल घ्यावी लागली. खाली फाटकापाशी मात्र ऊन रणरणत होतं. क्लबाचा माळी झाडांना पाणी घालत होता, डोक्यावर ओलं फडकं बांधून. मी विचारलं, तर म्हणाला, त्या दिवशी इथे बायका भाजून निघाल्या, वळणावरच बऱ्या होत्या.

मी कठड्याच्या खिंडारापाशी उभी राहिले. दरवर्षी खुर्च्या नेमक्या इथे असायच्या. ऊन लागतं म्हणून हलवल्या नव्हत्या. गाडी कुठून जाणार, हे कोणाला तरी आधीच ठाऊक होतं.

मी घड्याळ बघितलं. जबाबाची वेळ होत आली होती.

६

इन्स्पेक्टर कागद घेऊन गॅरेजमध्येच आला होता. शटर अर्धं वर केलेलं होतं. पाना स्टुलावर बसली होती, तिची आई तिच्या मागे उभी. कॅप्टनही होते, मीच निरोप दिला होता, आणि तसंही या घराच्या प्रत्येक वाईट वेळेला ते येतच आले होते. पानाने पेन उचललं होतं. मी ते तिच्या हातातून घेतलं. मोठ्या माणसासमोर असं करणं बरं दिसत नाही, पण माझं सगळं आयुष्य बरं न दिसण्यातच गेलंय.

मी पानाला आधी तेवढंच सांगितलं, जे तिला हवं होतं. तुझा सांधा उत्तम आहे. स्टिअरिंग तुटलं नव्हतं, अडकलं नव्हतं. त्याला कुलूप लागलं होतं, आणि काल आवारात चावी घालून मी ते स्वतः उघडून बघितलंय.

"चौथ्या सालच्या गाडीला कुलूप नसतं," ती म्हणाली.

"नसतं," मी म्हटलं, आणि कॅप्टनकडे वळले.

मी त्यांना एकेक गोष्ट सांगत गेले. चावी न काढण्याचा तो एकट्या डॉक्टरांसाठीचा नियम. वकिलांच्या सांगण्याप्रमाणे, ज्या वर्षी ही गाडी कॅप्टनकडे आली त्याच वर्षापासून धरलेली त्यांची कंबर. आदल्या संध्याकाळचा तो आग्रह, यंदा उतरू नकोस. ते ऐकत होते, पाठ ताठ. मिशीखाली ओठ हलत होते.

शेवटी ते बोलले. ती गाडी त्यांनी स्वतः चौथ्या सालची म्हणून घेतली होती. फेरी मारून, साल सांगून, सगळ्यांच्या टाळ्या घेऊन. आठवड्याभरात अंगणात चावी काढली आणि खट् आवाज ऐकला. ज्याचा शब्द खाली पडत नाही तो माणूस फसला होता, आणि ते सगळ्यांना सांगायचं म्हणजे त्यानंतर कॅप्टन कोण उरणार? ते मूग गिळून बसले. मग डॉक्टर हट्टाला पेटले, मलाच दे म्हणून. वकिलाला दिली असती तर त्याने दुसऱ्याच दिवशी चावी खिशात घातली असती. डॉक्टर मात्र त्यांनी सांगितलेलं सगळं ऐकायचे.

"मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला," ते म्हणाले. "वहिनींना विचारा. मला वाटलं, पहिलंच वर्ष आहे, घाबरेल. वळणाच्या आधीच ब्रेक मारेल, बाद होईल, सगळे हसतील, संपेल."

"मग खुर्च्या का हलवल्यात?" मी विचारलं.

डॉक्टरांच्या बायकोने हळूच स्टुलाचा आधार घेतला. त्या दिवशी देवाची कृपा म्हणून त्या जे धरून बसल्या होत्या, ते काय होतं ते त्यांना आत्ता कळलं. कॅप्टनची स्वतःची बायकोही दरवर्षी त्याच खुर्च्यांवर बसते. त्यांनी सगळ्यांना वाचवलं होतं, डोळ्यात तेल घालून, एक सोडून.

इन्स्पेक्टरने नवा कागद काढला. आता त्याला घरी जायची घाई दिसत नव्हती. मी कॅप्टनना म्हटलं, कागदावर काय लिहायचं ते लिहा, पण त्याआधी जे त्या दिवशी सांगायचं होतं ते हिच्यासमोर सांगा.

त्यांना वेळ लागला. चाळीस वर्षांचा तोरा घशातून खाली जायला लागतोच.

"गाडी पाचव्या सालची होती," ते म्हणाले.

पाना त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं ती ओरडेल, मला ते हवंही होतं. पण ती लहानपणी त्यांना विचारायची तसंच, साध्या आवाजात तिने विचारलं.

"काका, बाबांनी चावी बाहेर धरली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच. खिडकीपाशी. निशाण माझ्या हातात होतं."

"म्हणजे हात पोहोचेल इतके जवळ?"

त्यांनी मान हलवली.

"मग सांगायचं कशाला होतं?" पाना म्हणाली. "नुसता हात धरायचा बाबांचा. ते थांबले असते. तुम्ही धरलात तर ते थांबलेच असते."

कॅप्टन खाली बसले, जमिनीवरच, इस्त्रीच्या कपड्यांत. इन्स्पेक्टरने त्यांच्यापुढे कागद धरला आणि त्यांनी सही केली. पाना उठली, शटरपाशी गेली आणि ते दोन्ही हातांनी पूर्ण वर ढकललं.